शनिवारी बंद राहणारा घाणा

प्रश्न : आमच्या इमारतीत चार प्रांतांची आणि तीन धर्मांची कुटुंबे राहतात. कोणी कोणाच्या वाटेला जात नाही; भांडण नाही, तसे येणे-जाणेही नाही. मी याला सहिष्णुता समजतो, तर माझी नात म्हणते की ही नुसती अनोळख आहे. तिचे म्हणणे मान्य करावे काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बरेचसे मान्य करावे, मात्र आपण जिला सहिष्णुता म्हणता, ती नातीला वाटते तितकी क्षुल्लक गोष्ट नव्हे. आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण पाहा. तेलाचा घाणा चालवणारे हे मराठीभाषक यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि त्यांची सुटी त्यांच्यापाशी राहू दिली. नवगावकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे घेऊन ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदले. पण या शांततेचे फार कौतुक करू नये. प्रत्येक जातीची रीत वेगळी आणि जागाही ठरलेली, या व्यवस्थेत ती बसत होती, आणि तेल्याची जागा काही मानाची नव्हती.

मोकळेपणा मला दिसतो तो पुढच्या गोष्टीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने मराठी कीर्तनाचा बाज उचलला आणि त्यात मोशे, दावीद या यहुदी धर्मग्रंथांतील पुरुषांची आख्याने लावली. शेजाऱ्याची रीत जवळून ऐकल्याखेरीज हे साधत नाही, आणि त्यात त्यांना आपला धर्मही सोडावा लागला नाही. उलट, यांतील पुष्कळजण इस्रायलला गेल्यावर १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठानेच त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली ते पूर्णपणे यहुदी असल्याचे तेथील सरकारने स्पष्ट केले. अनोळख केवळ परधर्मीयांतच असते असे नाही, हे आपल्या नातीलाही सांगावे.

तेव्हा आपल्या इमारतीतील शांतता मोडू नका, पण शेजारी अमुक दिवशी अमुक का करतात, हे त्यांना विचारा. उत्तर पटलेच पाहिजे असे नाही, आणि पटले नाही तर तसे सौजन्याने सांगताही येते. प्रारंभ ताटापासून केला तरी चालेल. बेने इस्रायलांच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे आणि साखर असते. कोकणातील कोणत्याही घराला ते ओळखीचेच वाटेल.