डग्गा कुठे गेला? : रेकॉर्ड-प्लेअरची प्रश्नोत्तरे

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, तक्रार एकच. मोबाइलवर तबला घुमतो आणि तीच मैफल रेकॉर्डवर लावली की डग्गा गायब. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकाच बैठकीत.

प्रश्न : रेकॉर्डमध्ये बास मुळातच कमी असतो का? मग डिजिटलपेक्षा रेकॉर्ड सरस असं का म्हणतात? (सांगली)

दुसऱ्या भानगडीत मी पडत नाही. पहिल्याचं उत्तर : चरीत, म्हणजे रेकॉर्डवर कोरलेल्या बारीक खाचेत, कमीच असतो, आणि तो मुद्दाम कमी केलेला असतो. खर्जातला सूर कोरताना सुई डावी-उजवीकडे फार लांब झुलते. आहे तसा कोरला तर चरी एकमेकींत घुसतील आणि वीस मिनिटांची बाजू निम्म्यातच संपेल. म्हणून कोरताना खर्ज उतरवायचा, वरचे सूर चढवायचे आणि वाजवताना बरोबर उलट करायचं, अशी सोय आहे. 1954 साली अमेरिकेत याचं 'आरआयएए' हे माप ठरलं, पुढे सगळ्यांनी तेच उचललं. 1000 हर्ट्झच्या (सेकंदाला 1000 कंपनांच्या) मानाने 20 हर्ट्झचा सूर जवळपास 20 डेसिबल खाली, म्हणजे झोका एक दशांश. तो परत वर आणायचं काम फोनो प्रीॲम्पचं, म्हणजे सुईकडून आलेला बारीक आवाज आधी सावरून मोठा करणाऱ्या यंत्राचं. तुमची वायर ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' या साध्या भोकात खोचलेली असेल तर आवाज बारीक आणि किनरा येणारच. मागे 'फोनो' लिहिलेलं भोक आहे का बघा. काही प्लेअरमध्ये प्रीॲम्प आतच असतो. तेव्हा नवा विकत घेण्याआधी प्लेअर जाणकाराला दाखवा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, सोन्याचा मुलामा दिलेली केबल घेतली की बास वाढेल. (पुणे)

वाढेल, त्याच्या गल्ल्याचा.

प्रश्न : एका व्हिडिओत पाहून हेडशेलवर (सुईच्या दांड्याच्या पुढच्या टोकावर) रुपयाचं नाणं चिकटवलं. बास वाढल्यासारखा वाटतो. काही धोका? (नाशिक)

आधी नाणं काढा, मग पुढचं वाचा.

कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा, तिची थरथर विजेत बदलणारा भाग. आताच्या बहुतेक मॅग्नेट कार्ट्रिजना दीड-दोन ग्रॅम भार पुरतो. हल्लीचा रुपया तीन ते पावणेचार ग्रॅमच्या घरातला. म्हणजे तुमची सुई अडीच-तीनपट भाराने चरीच्या भिंतींवर रेलली आहे. ही खोड जुन्या सूटकेस प्लेअरपासूनची. त्यांची कार्ट्रिजच चार-सहा ग्रॅमवर चालायची, आणि सुई उडायला लागली की घरोघरी दहा पैसे चिकटवले जायचे. तो नाइलाज होता, त्याचा आता लोकांनी सल्ला केलाय!

भाराने खर्ज येत नाही. चरीत जेवढं कोरलंय तेवढंच सुई वाचणार. मग वाढल्यासारखं का वाटलं? वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन आत-बाहेर हलताना दिसला असेल. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज मिळून त्यांचं स्वतःचं एक कंपन असतं, ते 8 ते 12 हर्ट्झमध्ये असलेलं बरं. टोकाशी वजन चढलं की ते खाली घसरतं आणि वाकलेल्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांना जाऊन भिडतं. ॲम्प्लिफायर तो हेलकावा इमानाने मोठा करतो. कोन थडथड हलतो, कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही. तुम्ही बास डोळ्यांनी पाहिलात.

नाण्याखाली वर्षभर वाजलेली नाट्यगीतांची एक एलपी माझ्या टेबलावर आली होती. गायिका वरच्या षड्जाला गेली की दर वेळी आवाज फाटायचा. भिंगाखाली चरी राखाडी पडलेल्या. सुई बदलता येते, चर भरून येत नाही. भार मोजायचा छोटा काटा मिळतो. कार्ट्रिजच्या कागदावरचा आकडा बघून तेवढाच भार ठेवा, आणि कागद हरवला असेल तर अंदाजाने स्क्रू फिरवू नका, विचारा.

प्रश्न : घरीच कार्ट्रिज बदललं. आवाज येतो, पण पोकळ. बास साफ गेला. (कोल्हापूर)

हेडशेलमधल्या चार बारीक वायरी बघा. पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. एक जोडी उलटी बसली की एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज आपसांत खलास. ॲम्प्लिफायरचं डावं-उजवं एक करणारं 'मोनो' बटण दाबा. मधोमध ऐकू येणारा गायकाचा गळा जवळजवळ नाहीसा झाला तर हेच. स्पीकरच्या वायरीही तपासा. चिमटा हातात धरून धीर होत नसेल तर मेकॅनिककडे न्या, त्या पिना तुटतात.

प्रश्न : तोच अल्बम ॲपवर जास्त भरदार वाटतो. रेकॉर्ड नकली असेल? (ठाणे)

तसं असेलच असं नाही. डावा-उजवा वेगळा असलेला खर्ज सुईला वर-खाली उडवतो, म्हणून एलपीसाठी तो बहुधा मधोमध आणतात. एका बाजूला पंचवीस-अठ्ठावीस मिनिटं कोंबली तर सगळंच हळू आवाजात कोरावं लागतं. फाइलला चर नसते, म्हणून ही बंधनंही नसतात. शिवाय ॲपवरची आवृत्ती नव्याने मास्टर केलेली (आवाजाचा शेवटचा तोल नव्याने जुळवलेली) असेल तर बास वाढवलेलाही असू शकतो. एकाच भाजीला दोन घरची फोडणी आहे ही. कोणती खरी हे एलपी हातात घेऊन, ऐकूनच सांगता येईल.

प्रश्न : दोन वर्षांपासून 'स' चिरका येतोय. बासही कमी झालाय, म्हणून सुई बदलू का? दिवाळीपर्यंत चालेल? (सातारा)

चालणार नाही. झिजलेली सुई आधी वरचे सूर खाते, तेव्हा बासचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. पण दोन वर्षं! हिऱ्याची सुईसुद्धा पाचशे ते हजार तासांची धनी. ती बदलेपर्यंत एकही रेकॉर्ड लावू नका, आणि नवी घेताना जुनी सोबत घेऊन जा.