मजकूर दोन हजार वर्षांचा, पण कंसातले शब्द कोणाचे?

प्रश्न : मी रायगड जिल्ह्यातला, बेने इस्रायल या ज्यू समाजातला निवृत्त शिक्षक. नोकरी संपल्यावर हिब्रू शिकलो आणि मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत सापडलेल्या दोन हस्तलिखितांचे मराठी भाषांतर केले. एक ‘सेरेख हा-यहद’ ही समुदायाची नियमावली, दुसरे ‘मिक्सात मआसे हा-तोरा’ हे पत्र. हिब्रू मजकूर छापील आवृत्त्यांतून घेतला. अडलो तिथे इंग्रजी भाषांतर पाहिले. संकेतस्थळावरून उतरवलेली सहा छायाचित्रेही घ्यायची आहेत. पुण्याचे एक प्रकाशक तयार आहेत. मात्र करारात कलम आहे : ‘मजकुरावर कोणाही त्रयस्थाचा हक्क नाही, तसा दावा आल्यास संपूर्ण जबाबदारी भाषांतरकाराची.’ इतक्या जुन्या लिखाणावर दावा करणार तरी कोण? पन्नास प्रती अश्दोद आणि दिमोनाच्या नातेवाइकांना पाठवायच्या आहेत. सही करू का?

उत्तर : सर, सही आत्ता करू नका.

मूळ लिखाणावर कोणाचाही कॉपीराइट नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या 1957 च्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षे, इस्रायलमध्ये 70 वर्षे. कुमरानचा लेखनिक या हिशेबात कधीच बसत नाही. पण तुम्ही गुहेतल्या कातड्यावरून भाषांतर केलेले नाही, छापील आवृत्तीवरून केले आहे. ती आवृत्ती उघडा आणि चौकोनी कंस बघा. कंसाबाहेरची अक्षरे त्या लेखनिकाची. कंसातली अक्षरे कातडे फाटले, झिजले, किड्यांनी खाल्ले तिथे संपादकाने आपल्या विद्येच्या जोरावर भरलेली. तुमचा सगळा प्रश्न त्या कंसांत आहे.

आणि योगायोग असा, की तुम्ही निवडलेल्या दुसऱ्या मजकुरावरूनच याबाबतचा जगातला सर्वांत गाजलेला खटला झाला.

‘मिक्सात मआसे हा-तोरा’ चौथ्या गुहेतले. सहा वेगवेगळ्या प्रतींचे साठ-सत्तर तुकडे, एकही प्रत पूर्ण नाही. हार्वर्डचे जॉन स्ट्रगनेल यांनी तुकडे हुडकून जुळवले, पण भाषेचे आणि धर्मशास्त्राचे कोडे सुटेना. तेव्हा त्यांनी बेन-गुरियन विद्यापीठाचे एलिशा किमरोन यांना सोबत घेतले. किमरोन यांनी सुमारे अकरा वर्षे त्यावर घालवली आणि 121 ओळींचा सलग मजकूर उभा राहिला. तो त्यांनी प्रसिद्ध करण्याआधीच, 1991 मध्ये, वॉशिंग्टनच्या हर्शेल शँक्स यांनी कुमरानच्या गुंडाळ्यांच्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या हस्तलिखितांच्या, छायाचित्रांचा संग्रह काढला आणि प्रस्तावनेत हा जुळवलेला मजकूर परवानगीशिवाय छापला. किमरोन यांचे नावसुद्धा नाही. स्ट्रगनेल आणि ‘एक सहकारी’ एवढाच उल्लेख!

किमरोन जेरुसलेमच्या जिल्हा न्यायालयात गेले. 1993 मध्ये न्यायाधीश दालिया डोर्नर यांनी त्यांना एक लाख शेकेल देवविले. त्यांतले 80 हजार मनस्तापापोटी होते. 30 ऑगस्ट 2000 रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तुकडे ही कोणाचीच निर्मिती नव्हे; पण ते कसे लावायचे, काय वाचायचे, रिकाम्या जागी काय भरायचे हे सगळे मिळून पाहिले तर ती किमरोन यांची स्वतंत्र साहित्यकृती ठरते, असे न्यायालयाने मानले.

प्रतिवादींचा युक्तिवाद मला आजही अगदी टाकाऊ वाटत नाही. संपादकाने भरलेला शब्द अचूक असेल तर तो मूळ लेखकाचाच शब्द; मग त्यावर संपादकाचा हक्क कसा? म्हणजे पंडित जितका चांगला, तितका त्याचा हक्क कमी, असा विचित्र पेच. पण न्यायालयाने तो मानला नाही, आणि तुम्हाला पुस्तक काढायचे आहे, कोर्टात तत्त्वचर्चा करायची नाही.

हा परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले, त्याची जात हीच आहे. न्यायनिर्णयाचा कोरा मजकूर सर्वांचा. पण संपादकाने कौशल्य आणि निर्णयबुद्धी वापरून त्यात जी भर घातली, तिला संरक्षण. नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी सर्जकता लागते. व्यासांना कोणी रॉयल्टी देत नाही, पण भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतले पाठनिर्णय व्यासांनी केलेले नाहीत, हे शाळेत संस्कृत शिकलेल्यालाही समजते. इस्रायल बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आहे, त्यामुळे तिथल्या कृतींना भारतात संरक्षण मिळते. आणि भाषांतर करण्याचा हक्क कलम 14 नुसार मूळ कॉपीराइटधारकाचाच असतो.

आता तुमची दोन हस्तलिखिते वेगवेगळी पाहू, कारण त्यांची स्थिती सारखी नाही.

नियमावलीची चिंता कमी आहे. पहिल्या गुहेतली ती गुंडाळी अकरा स्तंभांची आणि बरीचशी शाबूत आहे. स्पष्ट दिसणारी अक्षरे छापील अक्षरांत उतरवणे यात सर्जकता फारशी नाही. पॅरिसच्या न्यायालयानेही 2014 मध्ये, ड्रोझ आणि गार्निए या प्रकाशकांच्या वादात, मध्ययुगीन हस्तलिखितांच्या नुसत्या लिप्यंतराला संरक्षण नाकारले होते. तुम्ही एवढे करा : इस्रायल संग्रहालयाने मांडलेल्या छायाचित्रांवरून आपला पाठ पुन्हा एकदा तपासा, कडेची फाटकी अक्षरे स्वतः वाचा, आणि कोणत्या तारखेला काय ठरवले ते वहीत लिहा. जुन्या वह्याही टाकू नका. उद्या कोणी विचारलेच, तर ‘हा पाठ माझा’ हे दाखवणारा पुरावा तोच.

पत्राचे तसे नाही. त्याचा सलग मजकूर स्ट्रगनेल आणि किमरोन यांनी 1994 मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसकडून प्रसिद्ध केला. स्ट्रगनेल 2007 मध्ये वारले. नुसत्या त्या तारखेवरून मोजले तरी भारतात 2067 संपेपर्यंत हात लावता येत नाही. त्या सलग मजकुराचे भाषांतर परवानगीशिवाय छापू नका. किमरोन यांचे नाव ऋणनिर्देशात घातले म्हणजे झाले, असेही नाही. नाव देणे हा लेखकाचा नैतिक हक्क, कलम 57 मधला. परवानगी ही वेगळी गोष्ट. दोन्ही लागतात.

माझ्या मते सरळ वाट म्हणजे ऑक्सफर्डच्या हक्क-विभागाला पत्र लिहायचे : मराठी भाषा, छापील आवृत्ती, इतक्या प्रती, ही किंमत. छोट्या भाषेच्या छोट्या आवृत्तीसाठी मागितलेली परवानगी अनेकदा परवडणाऱ्या दरात मिळते. उत्तर येईपर्यंत नियमावलीचे पुस्तक आधी काढा. दुसरी वाट अभ्यासकाची आहे : फक्त तुकड्यांवर शिल्लक असलेले शब्द भाषांतरित करायचे आणि मोकळ्या जागी टिंबे द्यायची. वाचायला खडबडीत, पण प्रामाणिक. मला स्वतःला असे भोके पडलेले मराठी वाचायला आवडेल.

कलम 32 मध्ये भाषांतरासाठी सक्तीच्या परवान्याची सोय आहे. पहिल्या प्रसिद्धीनंतर सात वर्षांनी, आणि अध्यापन-संशोधनासाठी त्याहूनही लवकर, अर्ज करता येतो. 2021 पासून तो व्यावसायिक न्यायालयाकडे जातो. पण आधी हक्कधारकाकडे मागणी करून नकार मिळाल्याचे दाखवावे लागते, रॉयल्टी भरावी लागते, आणि संशोधनाच्या सवलतीत मिळालेल्या परवान्याच्या प्रती भारताबाहेर पाठवण्यावर निर्बंध असतात. म्हणजे तुमच्या अश्दोदच्या प्रती तिथेच अडकल्या. आणि किमरोन यांच्या खटल्यातही पुस्तक अमेरिकेत छापले होते. त्याच्या काही प्रती टपालाने इस्रायलमध्ये पोहोचल्या, हा तिथल्या न्यायालयासमोरचा एक मुद्दा होता. परवानगीशिवाय पन्नास प्रती दिमोनाला पाठवणे म्हणजे आपणच समोरच्याच्या अंगणात जाऊन उभे राहणे.

इंग्रजी भाषांतर अडलेल्या शब्दासाठी पाहिले तर त्यात काही गैर नाही, कोश पाहतो तसेच ते. पण परिच्छेदच्या परिच्छेद इंग्रजीवरून आले असतील, तर ते त्या भाषांतरकाराच्या कृतीचे भाषांतर ठरते. कुठे काय झाले हे तुम्हालाच माहीत; ते भाग हिब्रूवरून पुन्हा करा.

छायाचित्रे काढून टाका, किंवा परवाना विकत घ्या. गुंडाळी प्राचीन असली तरी छायाचित्र आजचे आहे, आणि संकेतस्थळावर दिसणे म्हणजे छापायला मोकळे असणे नव्हे.

राहिले करारातले कलम. प्रकाशक बेकायदा काही मागत नाहीत, पण सगळे ओझे एका पेन्शनरावर टाकत आहेत. त्याऐवजी असे मागा : ‘भाषांतर माझे स्वतःचे आहे; आधारभूत आवृत्त्यांची यादी जोडली आहे; त्यांच्या परवानग्या प्रकाशक मिळवतील; माझी जबाबदारी मला मिळालेल्या रॉयल्टीपुरती.’ शिवाय भाषांतराचा कॉपीराइट तुमचा आहे, तो ‘कायमचा, सर्व माध्यमांसाठी’ देऊन टाकू नका. हस्तांतरणात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. प्रकाशकांना हे ठाऊक असते, म्हणून ते लिहितात. तुम्हीही लिहा : पाच वर्षे, छापील मराठी आवृत्ती, बस्स.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये तुमच्याच समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले होते. त्यांना यातले काहीच विचारावे लागले नव्हते, तुम्हाला लागते. बदललेला मसुदा प्रकाशकांनी पाठवला की आधारभूत आवृत्त्यांच्या यादीसह मला दाखवा, मगच पेन उघडा.