संध्याकाळी जाऊन बघा

प्रश्न : आई ७८ वर्षांची, मूळची मालवणची. आम्ही दादरला राहतो. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. हल्ली दिवेलागणीला पिशवी घेते आणि 'घराक जातंय' म्हणत निघते. गेल्या महिन्यात चौपाटीवर सापडली. आम्ही दोघं नोकरी करतो, रात्रीची झोपही नाही. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवायचा विचार आला की अपराध्यासारखं वाटतं. चांगलं केंद्र ओळखायचं कसं?
– एक वाचक, दादर

उत्तर : दादा, अपराध काही नाही. माझ्या सासूबाईंना मी चार वर्षं घरी सांभाळलं, शेवटची दोन वर्षं त्या केंद्रात होत्या. त्यावरूनच सांगते.

आधी आईंच्या डॉक्टरांना भेटा. बिघाड एकाएकी झाला असेल तर लघवीची तपासणी करायची का, हे जरूर विचारा. म्हातारपणी मूत्रमार्गाचा संसर्ग तापाशिवायही होतो आणि माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं करायला लागतं. आम्ही आजारच वाढला असं समजून आठवडा घालवला होता.

केंद्र बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळीकडे फरशी पुसलेली असते. संध्याकाळी सहाला, न कळवता जा. या आजारात घालमेल वाढते ती तेव्हाच. आम्हाला सकाळी पसंत पडलेल्या एका ठिकाणी संध्याकाळी दोन आजी ओढणीने खुर्चीला बांधलेल्या दिसल्या. दुसरं केंद्र जुन्या बंगल्यात होतं, भिंतींचा रंग उडालेला. सासूबाई तिथेही 'घरी जाते' म्हणत दाराशी गेल्या. तिथल्या मावशी म्हणाल्या, "जाऊ की! आधी मला एवढे कुळीथ निवडून देता?" आणि सूप मांडीवर दिलं. सासूबाई अर्धा तास खडे वेचत बसल्या. माझा निर्णय तिथेच झाला.

विचारायचं ते स्पष्ट विचारा. रात्री किती जणांमागे किती माणसं असतात? झोपेचं औषध कोण ठरवतं? पडल्या तर कुठल्या रुग्णालयात नेता? आम्ही कधीही आलो तर चालेल का? आणि मालवणी समजणारं कुणी आहे का, हेही. या आजारात नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी जातात, लहानपणची उरते. 'खंय जातंस गो?' एवढं ऐकूनही त्या थांबतील.

बरेच वृद्धाश्रम डिमेन्शियाचे, म्हणजे आईंसारख्या स्मृतिभ्रंशाचे, रुग्ण घेत नाहीत. म्हणून निदान लपवू नका, नाहीतर महिन्याभरात परत न्यायला सांगतात. चौकशीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२पासून याच कामात आहे, तिच्याकडेही विचारा. आधी दिवसापुरतं सांभाळणारं केंद्र मिळालं तर तेच घ्या, आईंना सवय होईल.

बँकेची कामं मात्र आजच हाती घ्या. आईंना व्यवहार कळतो आहे तोवरच संयुक्त खातं, नामांकन होईल. समज गेली की मुखत्यारपत्रही कायद्याने चालत नाही. मग कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तोवर त्यांच्या पिशवीच्या आत नाव आणि फोन लिहिलेली पट्टी शिवून टाका. निघाल्या की अडवू नका, चपला घाला आणि बरोबर चाला. मालवणच्या घरी विहीर कुठे होती, ते विचारा. आमच्या सासूबाई दोन गल्ल्या चालल्या की आपणच म्हणायच्या, "चल गं, चहा टाकायचाय."