विद्यापीठात ‘ॲडव्हान्स्ड वेब ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ हा विषय नीट शिकायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येतं, रिॲक्टचा कोर्स अर्धा झालाय, सेमिस्टरभरात तिघांनी मिळून एक प्रोजेक्ट द्यायचा आहे आणि सध्या रिॲक्ट, ॲंग्युलर की व्ह्यू यावरून गटात वाद चाललाय. तो वाद आजच मिटवा. तिघांपैकी दोघांचा ज्यावर हात बसलाय ते घ्या आणि पुढे चला. या विषयातलं अवघड काम स्क्रीनच्या मागे असतं, तिथे फ्रेमवर्क फारसं मदतीला येत नाही.

‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाचा अर्थ मी तीन प्रश्नांत सांगेन. एकच बटण दोन माणसांनी एकाच क्षणी दाबलं तर काय होतं? एकाच माणसाने दोनदा दाबलं तर? आणि ज्याला ते बटण दिसतच नाही, त्याने सरळ सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवली तर? हे प्रश्न ज्यात उभेच राहत नाहीत असा प्रोजेक्ट घेऊ नका. टू-डू लिस्ट, ब्लॉग, हवामानाचं ॲप यांत कोणाचं कोणाशी भांडणच नसतं. प्रयोगशाळेतल्या उपकरणांचं बुकिंग घ्या. वापरकर्ते, उपकरणं, स्लॉट आणि बुकिंग ही चार टेबलं, विद्यार्थी आणि व्यवस्थापक या दोन भूमिका, एवढ्यावर सेमिस्टर सहज भरतं. चॅट, नोटिफिकेशन आणि डार्क मोड शेवटच्या आठवड्यापर्यंत विसरून जा.

आता पहिला प्रश्न जरा जवळून बघू. बुकिंगचा कोड बहुतेक जण असा लिहितात: स्लॉट वाचा, शिल्लक जागा शून्यापेक्षा जास्त आहे का बघा, असेल तर बुकिंग टाका आणि शिल्लक एकने कमी करा. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण शेवटची एक जागा उरली असताना दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोन्ही ‘१’ वाचतात, दोन्ही तपासणीत पास होतात आणि एका जागेवर दोन बुकिंग होतात. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे तुम्ही एकटेच असता. म्हणून चूक मुद्दाम घडवून आणा. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दोन सेकंदांचा थांबा टाका, दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळी लॉगिन करा आणि दोन्हीकडे बटण दाबा.

‘ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या क्वेरी लागू होतात किंवा एकही नाही, अशा गटात) गुंडाळलं की झालं’ हा इथला नेहमीचा गैरसमज. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शनची डिफॉल्ट आयसोलेशन पातळी (एकमेकांपासून किती वेगळी राहतात ते) ‘रीड कमिटेड’ असते आणि तीत दोन्ही ट्रान्झॅक्शन खुशाल ‘१’ वाचू शकतात. उपाय असा की तपासणी आणि बदल एकाच क्वेरीत करायचे. बोलून दाखवायचं तर: ‘अपडेट स्लॉट सेट शिल्लक = शिल्लक - १ व्हेअर आयडी = ७ अँड शिल्लक > ०’. मग किती ओळी बदलल्या ते बघा. १ आली तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बुकिंग टाका, ० आली तर ४०९ (‘कॉन्फ्लिक्ट’ सांगणारा एचटीटीपी कोड) परत करा. दुसरी रिक्वेस्ट पहिलीच्या लॉकपाशी थांबते, लॉक सुटल्यावर अट पुन्हा तपासली जाते आणि ती हात हलवत परत जाते. स्लॉटला एकच जागा असेल तर त्याहून सोपं: बुकिंगच्या टेबलात स्लॉटच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) लावा आणि येणारी एरर नीट हाताळा.

याची टेस्टही लिहाच. एकच जागा उरलेल्या स्लॉटवर वीस वेगळ्या वापरकर्त्यांच्या सेशनने वीस रिक्वेस्ट ‘प्रॉमिस.ऑल’ने एकदम सोडा. उत्तरात बरोब्बर एक २०१ (‘तयार झालं’) आणि एकोणीस ४०९ यायला हवेत. ही टेस्ट खऱ्या पोस्टग्रेसवरच चालवा. सोय म्हणून एसक्यूलाइट वापरलंत तर ते एका वेळी एकालाच लिहू देतं, त्यामुळे वागणं वेगळं दिसतं. कनेक्शन पूलमध्ये (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात) एकच कनेक्शन असेल तरी ट्रान्झॅक्शन रांगेने चालतात आणि चूक झाकलेली राहते.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे दोनदा दाबण्याला, पुष्कळ जण बटण डिसेबल करून उत्तर देतात. ते करा, पण नेटवर्क अडखळलं आणि रिक्वेस्ट पुन्हा गेली तर त्याचा उपयोग नाही. फॉर्म उघडतानाच एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) तयार करा, तो रिक्वेस्टबरोबर पाठवा आणि सर्व्हरवर युनिक कॉलममध्ये साठवा. तोच यूयूआयडी पुन्हा आला तर नवं बुकिंग न करता जुनंच उत्तर परत द्या. साधा एचटीएमएल फॉर्म असेल तर पोस्टनंतर ३०३ या एचटीटीपी कोडने दुसऱ्या पानावर पाठवा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर फॉर्म पुन्हा जात नाही.

तिसरा प्रश्न परवानगीचा. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन यादीत ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’ पहिल्या क्रमांकावर आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक पानाच्या पत्त्यातला (यूआरएलमधला) ४१ खोडून ४२ लिहिला की सापडते: दुसऱ्याचं बुकिंग समोर उघडतं. लॉगिन आहे का एवढंच तपासून भागत नाही. क्वेरीतच ‘आयडी ४२ आणि मालक हाच वापरकर्ता’ अशी अट हवी, आणि वापरकर्ता कोण हे सेशनमधून घ्यायचं, रिक्वेस्टच्या बॉडीतून कधीच नाही. व्यवस्थापकाचं बटण स्क्रीनवरून लपवणं ही सजावट आहे, सुरक्षा नाही.

लॉगिनसाठी जेडब्ल्यूटी (सर्व्हरने सही केलेलं टोकन) ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवायला शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. माझा सल्ला उलटा आहे. तुमचाच फ्रंटएंड आणि तुमचाच सर्व्हर असेल तर साधी सेशन कुकी वापरा, ‘एचटीटीपीओन्ली’, ‘सिक्युअर’ आणि ‘सेमसाइट लॅक्स’ लावून. लोकल स्टोरेजमधलं टोकन पानात शिरलेली कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते, आणि जेडब्ल्यूटी मुदत संपेपर्यंत चालत राहतो, म्हणजे लॉगआउट नुसतं नावाचंच. पासवर्ड हॅश करून साठवायला आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट. बीक्रिप्ट साधारणपणे पहिले ७२ बाइटच विचारात घेतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रासुद्धा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे मराठीत लांबलचक पासवर्ड ठेवणाऱ्याची मर्यादा २४ चिन्हांतच संपते!

सीओआरएसच्या (एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचू द्यायचं का, या नियमाच्या) एररमध्ये पुष्कळांचा आठवडा जातो, म्हणून थोडक्यात. पोस्टमन या टूलमधून रिक्वेस्ट चालते आणि ब्राउझरमधून नाही, कारण हा नियम ब्राउझर पाळतो. स्कीम, होस्ट आणि पोर्ट यांतलं काहीही बदललं की ओरिजिन बदलतं, त्यामुळे ५१७३ वरचं पान आणि ८००० वरचा सर्व्हर एकमेकांना परके. कुकी पाठवायची असेल तर परवानगीच्या हेडरमध्ये तारांकन चालत नाही, नेमकं ओरिजिन लिहावं लागतं. डेव्हलपमेंटमध्ये प्रॉक्सी लावून दोन्ही एकाच ओरिजिनवर आणलंत तर हा ताप मुळात उद्भवतच नाही.

यादीचं पान हळू झालं तर आधी क्वेरी लॉग चालू करा. ५० बुकिंगच्या यादीसाठी ५१ क्वेरी दिसल्या तर ओआरएम (टेबलं कोडमधून हाताळू देणारी लायब्ररी) प्रत्येक ओळीला उपकरणाचं नाव वेगळं विचारतोय. जॉइन करा किंवा एकत्र आणायला सांगा. शिवाय पोस्टग्रेस फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमवर आपण होऊन इंडेक्स बनवत नाही, तो तुम्हालाच घालावा लागतो.

डिप्लॉय (ॲप खऱ्या सर्व्हरवर चढवणं) दुसऱ्या आठवड्यातच करा, ॲपमध्ये नुसतं लॉगिन असलं तरी. नेमकं जे मोडतं ते तिथेच मोडतं. कंटेनरच्या (ॲप चालवायच्या बंदिस्त डब्याच्या) आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच, त्यामुळे डेटाबेस सापडत नाही. अपलोड केलेले फोटो कंटेनरच्या डिस्कवर ठेवले तर पुढच्या डिप्लॉयला गायब होतात. विंडोजवर चाललेलं इम्पोर्ट लिनक्सवर पडतं, कारण तिथे फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं. स्लॉटच्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि दाखवताना बदला, नाहीतर सर्व्हरवर सगळी बुकिंग काही तास सरकलेली दिसतील. आणि पासवर्ड, गुप्त की असलेली ‘.ईएनव्ही’ फाइल चुकून गिटमध्ये गेली तर ती नुसती काढून टाकू नका, इतिहासात ती राहतेच. आधी तिच्यातल्या गुप्त की बदला, मग साफसफाई.

कामाची वाटणी ‘एक फ्रंटएंड, एक बॅकएंड, एक डेटाबेस’ अशी करू नका. शेवटी तिघांनाही दोन-तृतीयांश प्रोजेक्ट माहीत नसतो आणि तोंडी परीक्षेत ते दोन मिनिटांत उघडं पडतं. प्रत्येकाने एकेक सुविधा फॉर्मपासून टेबलापर्यंत स्वतः करावी, आणि तिचा कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय मुख्य ब्रांचमध्ये घेऊ नये. मर्ज झालेलं मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी फाइल) पुन्हा हाताने बदलायचं नाही, बदल हवा तर नवं लिहायचं. इतरांच्या डेटाबेसवर जुनं आधीच चाललेलं असतं, त्यामुळे तुमची दुरुस्ती त्यांच्याकडे पोचतच नाही.

परीक्षकांसमोर स्क्रीन फिरवून दाखवण्यात वेळ घालवू नका. ती वीस रिक्वेस्टची टेस्ट आधी जुन्या कोडवर चालवून पडताना दाखवा, मग नव्या कोडवर पास होताना. पुढचे बरेच प्रश्न त्यावरूनच निघतील, आणि त्यांची उत्तरं तोवर तुमच्याकडे असतील.