स्मूदनिंग आणि हायलाइट्सनंतर केस गवतासारखे झालेत, चार महिन्यांवर लग्न आहे. केस पूर्वीसारखे होतील का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीआधी स्मूदनिंग केलं, दोन महिन्यांनी त्याच केसांवर हायलाइट्स केले आणि आता केस कोरडे पडलेत, टोकांना फाटे फुटलेत, कंगवा फिरवला की तुकडे पडतात. पार्लरमध्ये सांगतायत की केराटिन करून घ्या, सगळं रिपेअर होईल.

मी 2009 पासून चिंचवडमध्ये पार्लर चालवते. आधी स्पष्ट सांगते: जेवढी लांबी बिघडली आहे ती पूर्वीसारखी होणार नाही, आणि केराटिन आत्ता अजिबात करू नका. पण केस तुटायचे बरेच कमी होतील, हाताला मऊ लागतील आणि लग्नात छान दिसतील. चार महिने त्याला पुरेसे आहेत. हे मी फक्त गिऱ्हाइकांवरून सांगत नाही. 2007 साली ताईच्या लग्नाआधी मी रीबॉन्डिंग करून घेतलं होतं. क्रीम जास्त वेळ ठेवलं गेलं. तिसऱ्यांदा न्हाले तेव्हा मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका पाहून मी तिथेच खाली बसले. कमरेपर्यंतचे केस शेवटी मानेपर्यंत कापावे लागले. या कामाकडे मी वळले ती त्यानंतरच, कारण माझ्या केसांचं नेमकं काय झालं हे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

टाळूच्या वर आलेला केस जिवंत नसतो. कापताना दुखत नाही ते म्हणूनच. कातडीला खरचटलं तर खपली धरते, खाली नवी कातडी येते. केसाला खपली धरत नाही. केसावर कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक पापुद्रे असतात आणि त्यांच्या आत केसाला ताकद देणारा गाभा असतो. स्मूदनिंगच्या क्रीमने त्या गाभ्यातले बंध तोडले जातात, इस्त्रीने केस सरळ केला जातो आणि न्यूट्रलायझरने ते बंध पुन्हा जोडले जातात. सगळेच्या सगळे मात्र जुळत नाहीत. त्यावर हायलाइट्ससाठी ब्लीच लागलं म्हणजे उरलेल्या बंधांवर दुसरा घाव, शिवाय पापुद्र्यांवरचा नैसर्गिक स्निग्ध थरही गेला. केस एकमेकांत अडकतात, जट होते, हाताला खरखरीत लागतात, ते या थराच्या जाण्यामुळे.

केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे 60 सेंटिमीटर लांब केसांची टोकं चार-पाच वर्षांची असतात. इतक्या वर्षांचं ऊन, धुणं, विंचरणं त्यांनी सोसलेलं असतं. आजीचं जुनं इरकली लुगडं आपण दगडावर आपटून धुतो का? तुमची लांबी आता त्या लुगड्यासारखी धरा. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

घरी एक तपासणी करा. धुतल्यावर एक सुटा ओला केस दोन्ही हातांत धरून हळूच ताणा. बरा केस थोडा ताणतो आणि परत येतो. रबरासारखा लांबतच गेला किंवा ताणताक्षणी तुटला, तर त्या लांबीवर लग्न होईपर्यंत रंग, ब्लीच, स्मूदनिंग, केराटिन यातलं काहीही नको. आणि गळलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला तर तो मुळापासून गळलेला केस. रोज 50 ते 100 असे गळणं नेहमीचंच आहे. गोळा नसलेले आखूड तुकडे असतील तर ती तूट आहे, आणि मी लिहितेय ते तिच्यासाठी. मुळासकट पुंजके येत असतील तर तेल-शाम्पूत वेळ घालवू नका. मोठा ताप, ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात, थायरॉइड आणि रक्तातलं लोह कमी असण्यानेही गळतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून रक्त तपासून घ्या.

आता कात्री. लग्न म्हटलं की मुली लांबी सोडायला तयार होत नाहीत, मला ते समजतं. पण फाटा फुटलेलं टोक तसंच ठेवलं तर ती चीर वर सरकत जाते आणि केस मधूनच तुटतो. आज दोन-तीन इंच कापाल, नाहीतर लग्नाच्या सुमारास तेवढेच केस वेडेवाकडे तुटलेले असतील. खाली दाट दिसणारे आखूड केस शेपटीसारख्या विरळ लांब केसांपेक्षा कितीतरी चांगले दिसतात. अंबाड्याला लांबी हवी असेल तर गंगावन आहेच. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या नवऱ्या मुलींना गंगावन लावून खोपे घातलेत, त्यात कमीपणा काही नाही.

धुण्याच्या बाबतीत बऱ्याच जणींचा ओढा महागड्या शाम्पूकडे असतो. मी म्हणेन, शाम्पू साधा सौम्य चालेल, पैसे कंडिशनरवर घाला. शाम्पू फक्त टाळूला लावा. लांबीवरून तो पाण्याबरोबर वाहत जातो तेवढा पुरे. डोक्यावर केसांचा गोळा करून कपडे चोळल्यासारखं चोळू नका. अंगाचा साबण केसांना लावायचाच नाही, तो अल्कधर्मी असतो आणि पापुद्रे उघडतो. कंडिशनर कानाखालच्या लांबीला भरपूर लावा आणि तो असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढा, टोकांकडून सुरुवात करून हळूहळू वर जात. ओला केस फार ताणला जातो आणि तेव्हाच तो सगळ्यात कमजोर असतो. म्हणून धुतल्यावर टॉवेल पिळून डोक्याला गुंडाळू नका. जुना सुती पंचा घ्या, दाबून पाणी टिपा, झटकू नका. सकाळच्या घाईत ओल्या केसांना रबरबँड लावून निघायची सवय असेल तर धुण्याचा वार बदला किंवा आदल्या संध्याकाळी धुवा.

खोबरेल तेलाबद्दल आता थोडं सविस्तर, कारण समाजमाध्यमांवर कुणी त्याला औषध म्हणतं तर कुणी निरुपयोगी. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून धुऊन जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, चांगल्या केसांत आणि ब्लीच केलेल्या केसांतही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात घेऊनच ते वाचावं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असतात, ते केसाच्या आत शिरतात. मग धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो. म्हणजे खोबरेल लावायचं ते धुण्याच्या आधी, तासभर किंवा रात्रभर, आणि एक-दोन चमचेच, लांबीला. आमच्याकडे येणाऱ्या मुली वाटीभर तेल थापतात आणि ते काढायला तीनदा शाम्पू करतात. मग फायदा कुठला राहतो? कोंडा असेल तर तेल टाळूला लावूच नका, कोंडा वाढवणारी बुरशी त्यावर पोसते.

तुम्ही पाण्याबद्दल काही लिहिलं नाही, पण बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर निम्मं दुखणं तिथे असू शकतं. बादलीला पांढरा थर धरतो, गिझरच्या कॉइलवर खवले जमतात, साबणाला फेस येत नाही, अशी चिन्हं दिसली की पाणी जड आहे असं समजा. तेच क्षार केसांवर बसतात, आणि ब्लीच केलेले केस ते जास्त ओढून घेतात. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की एकाच सोसायटीतल्या चार-चार बायका तीच तक्रार घेऊन येतात. शेवटचं धुणं पिण्याच्या आरओ फिल्टरच्या एक-दोन लिटर पाण्याने करा, आणि महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा, त्यानंतर लगेच कंडिशनर. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरिन कमी करतात, पण पाणी हलकं करतातच असं नाही. त्यासाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो.

आता केराटिन. केस ज्या प्रथिनाचा बनतो ते केराटिन, म्हणून नावावरून वाटतं की तेच केसात भरतात. प्रत्यक्षात त्या क्रीममधलं रसायन इस्त्रीच्या उष्णतेने केसावर बसवतात. तुमच्या केसांना ती उष्णता झेपणारी नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. यातल्या बऱ्याच उत्पादनांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारं रसायन ठरवलं. मग ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेली उत्पादनं आली. त्यातल्या कित्येकांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. 2024 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 26 वर्षांच्या एका तरुणीची हकिगत आली आहे. तिने हेच आम्ल असलेल्या क्रीमने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या कातडीला लावून पाहिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. ते वाचल्यावर मी पार्लरमधली ती सेवा बंद केली. उत्पन्न कमी झालं, पण कुणाच्या डोक्यावर ते क्रीम लावायला माझा हात धजत नाही. तुम्ही कधी करायचं ठरवलंत तरी डबा हातात घेऊन घटक वाचा. डबा दाखवायला नकार मिळाला तर तिथून उठा.

बाजारात तुटलेले बंध जोडणारी उत्पादनं 2014 च्या सुमारापासून आली आहेत, ऑलाप्लेक्स त्यातलं पहिलं गाजलेलं नाव. ब्लीच झालेल्या केसांना त्यांचा थोडाफार उपयोग होतो असा माझा अनुभव आहे. मात्र फाटलेलं टोक ती सांधत नाहीत. आणि ‘रंगात हे घातलं की कितीही ब्लीच करा’ असं सांगतात, तसं मुळीच नाही. खिशाला परवडत असेल तर घ्या. नसेल तर कंडिशनर आणि खोबरेलावर निभतं.

अंडं, दही, केळं यांचं थोडक्यात: अंड्यातलं प्रथिन अख्ख्या रूपात केसात शिरण्याइतकं लहान नसतं. ते खा, त्याने नवे केस चांगले येतील. उसळी, अळिवाचे लाडू, नाचणी यांचंही तसंच. मेंदी मात्र सध्या लावू नका. ती कोरड्या केसांना आणखी राठ करते. काळ्या मेंदीच्या पुडीत तर धातूचे क्षारही असू शकतात. अशा केसांवर पुढे कधी पेरॉक्साइडचा रंग किंवा ब्लीच लागलं तर केस तापून जळतात. आधी कधी लावली असेल तर पुढच्या कोणत्याही रंगाच्या वेळी सांगायला विसरू नका.

लग्नाची केशरचना करणाऱ्या बाईंना आत्ताच भेटा आणि केस ब्लीच झालेले, नाजूक आहेत हे सांगा. बॅककोंबिंग (केस उलटे विंचरणं) करून फुगवटा आणायचा असेल तर ते टाळूजवळच्या नव्या केसांवर कमीत कमी करू द्या, बाकी फुगवटा आत घालायच्या तयार बनने येतो. कर्लिंगच्या आधी हीट प्रोटेक्टंट लावायला सांगा आणि ट्रायल एकदाच घ्या, तीनदा नको. हळदीला केस विंचरून घट्ट वेणीत ठेवा, म्हणजे हळद-तेलात गुंतणार नाहीत.

आणि लग्नाच्या रात्री अंबाडा कुणाकडून तरी सोडवून घ्या, एकट्याने ओढून काढू नका. आधी सगळे आकडे, मग गजरा, मग गंगावन. स्प्रेने चिकटलेल्या केसांत कोरडा कंगवा घालू नका, लांबीला बोटांनी खोबरेल लावून सैल वेणी घाला आणि झोपा. सकाळी कंडिशनर लावून, टोकांकडून, सावकाश सोडवा.