कृतज्ञतेच्या वहीतली खोडलेली ओळ

सणाच्या सुट्टीत परदेशी स्वयंसेवक म्हणून गेलेली मुलं-मुली एक गोष्ट मला वरचेवर सांगतात, तीही आवाज खाली आणून. ‘एवढी चांगली संधी मिळालीय, मन कसं भरून यायला हवं. पण मला नुसतं घर आठवतंय. मी कृतघ्न आहे का हो?’

त्यातलीच ही एक पंचविशीतली मुलगी. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. साठवलेली सगळी रजा टाकून ती दूरदेशीच्या एका खेड्यातल्या शाळेत मदतीला गेली होती. आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर व्हायचं. नेटवर्क जेमतेम, त्यामुळे ती थेट मुद्द्यावर यायची. झोप लागत नाही, मुलांवर उगाच डाफरते, घरून फोन आला की घसा दाटतो. ‘आणि मॅडम, मी रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहितेय, तरीसुद्धा!’

‘काय लिहितेस?’

तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. अक्षर सुरेख, रोज तीन ओळी. आमच्याकडे नळाला पाणी आहे. मला शिकता आलं. आजारी पडले तर हाकेवर डॉक्टर आहे. पानं उलटली तरी ओळी त्याच, फक्त खाली-वर केलेल्या. एका पानावरची तिसरी ओळ पेनाने इतकी गिरवून खोडली होती की कागद फाटायला आला होता. तिथे काय होतं विचारलं, तर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘तिथे लिहिलं होतं, मी इथे जन्मले नाही.’

वहीतली प्रत्येक ओळ अशी शेजारच्या माणसाच्या उणिवेवर उभी होती. ज्यांच्यासोबत दिवसभर राबायचं, जेवायचं, हसायचं, त्यांच्याकडे काय काय नाही याची रात्री यादी करायची. याची शरम वाटायलाच हवी आणि ती तिला वाटली, हे मला चांगलं लक्षण वाटलं.

आपल्याहून वाईट स्थितीतल्या माणसाकडे पाहून स्वतःला बरं वाटून घेणं ही मनाची जुनी खोड आहे. थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये त्यावर सविस्तर मांडणी केली: स्वतःचंच काही बिनसलेलं असलं की माणूस अशा तुलनेकडे जास्त वळतो. हिचंही बिनसलेलंच होतं. पण तुलनेतून मिळालेला दिलासा वेगळा आणि कृतज्ञता वेगळी. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नेमका हा फरक दिसतो. विद्यार्थ्यांचा एक गट रोज कृतज्ञता वाटलेल्या गोष्टी लिहायचा, दुसरा कटकटी लिहायचा आणि तिसरा ‘मी इतरांपेक्षा कुठे बरा आहे’ ते. कुणाच्या अडचणीत मदत केली, कुणाला धीर दिला असं सांगणारे पहिल्या गटात जास्त निघाले. बाकी दोन्ही गटांपेक्षा जास्त. हिच्या वहीवर नाव पहिल्या गटाचं होतं आणि आत मजकूर तिसऱ्याचा.

वही बंद कर असं मी म्हटलं नाही. प्रश्न बदलायला सांगितला: तुझ्यासाठी इथे कुणी काय केलं? माणूस आणि त्याने केलेली गोष्ट, बस. आणि हा रोजचा रतीबही नको. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा अशी नोंद करणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा करणाऱ्यांचं वाढलं नाही.

तिचा लगेच आक्षेप: ‘पण मदत करायला तर मी आलेय. माझ्यासाठी कोण काय करणार?’

स्वयंसेवकांशी बोलताना मी या वाक्याची वाटच बघत असते. आपण देणारे, असं एकदा मनात ठरवलं की हातात काय पडतंय ते दिसेनासं होतं. दिसलंच तर उपकारासारखं टोचतं. मी तिला कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. उठले, दार उघडलं, उंबऱ्याशी झाकण ठेवलेला गरम पाण्याचा तांब्या होता... ‘थांब. तो कुणी ठेवला?’

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाई. पहिल्या आठवड्यात हिला खोकला झाला होता, तेव्हापासून रोज. हिला वाटलं होतं, सगळ्यांच्याच दाराशी ठेवत असतील. मग एक-एक निघू लागलं. तिचे उच्चार चुकले की न हसता तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणणारा तिसरीतला मुलगा. स्वतःचा वर्ग थांबवून तिच्यासाठी दुभाषाचं काम करणाऱ्या शिक्षिका. यांतल्या कुणालाही तिने धड ‘आभारी आहे’ म्हटलं नव्हतं. भाषा येत नाही, हसं होईल, उगाच अवघडल्यासारखं होईल.

ही धास्तीही सगळ्यांचीच. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा अभ्यास मांडला. समोरचा किती अवघडेल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त निघाला आणि तो किती सुखावेल याचा कमी. एवढं सांगून मी तिच्यावर सोडलं. तिने त्या तिसरीतल्या मुलाकडून वाक्य घोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. वाक्य चुकलंच. बाई खदखदून हसल्या आणि तिच्या हातात सुरी देऊन भाजीचा ढीग पुढ्यात सरकवला. तिची सुरी धरायची तऱ्हा बघून पुन्हा हसल्या. तेव्हापासून संध्याकाळ तिथेच जाऊ लागली.

इथे थोडं थांबून सांगते: अपराधी वाटतंय म्हणजे दरवेळी मनाचेच खेळ असं धरून चालू नये. काही आठवड्यांसाठी अनाथालयात जाणाऱ्यांना मी तर सरळ विचारते, तुम्ही गेल्यावर त्या मुलांचं काय? लळा लागतो आणि माणसं निघून जातात. शिवाय अनाथालयांसारख्या संस्थांमधल्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, असं ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्ये म्हटलं होतं. हिच्या शाळेत कायमचे शिक्षक होते, ही त्यांच्या हाताखाली होती, म्हणून तो प्रश्न आला नाही.

घराची आठवण मात्र वहीने गेली नाही आणि ती जावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. सणाच्या दिवशी फोनवर आई म्हणायची, ‘किती पुण्याचं काम करतेयस गं!’ की हिचं तोंड बंद. पुण्याचं काम करणाऱ्याने रडायचं कसं? मी म्हटलं, आईला खरं सांग. आणि झोपायच्या आधी फोन करू नकोस, ज्यानंतर लगेच काहीतरी काम असेल अशा वेळी कर. तिने सांगितलं, ‘आई, मला आज तिथे असायला हवं होतं.’ दोघी रडल्या. मग आईने कोण कोण आलंय, कोण कुणाशी बोलत नाहीये, सगळं इत्थंभूत सांगितलं. त्या रात्री ती शांत झोपली.

परतल्यानंतरची एक भेट आम्ही आधीच ठरवून ठेवली होती. जाताना रुळायला जसा वेळ लागतो तसा आल्यावरही लागतो, हे गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये मांडलंय. तरी लोक परतीची तयारी म्हणजे सामान बांधणं समजतात. त्या भेटीत तिची पहिलीच तक्रार होती की जो तो विचारतो, ‘तिथल्या लोकांसाठी काय केलंस?’ आणि ती स्वयंपाकघरातल्या बाईंबद्दल सांगू लागली की समोरच्याचं लक्ष उडतं.

मी म्हटलं, ऐकून घेणारं एक माणूस शोध. बाकीच्यांना फोटो दाखव.