रोल-प्लेइंग गेममध्ये पात्रांचा गट कायम असावा की बदलता?

निपाणीहून आपण विचारले आहे की, रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे खेळाडू कथेतील पात्रांच्या भूमिकेत खेळतो त्या व्हिडिओ गेममध्ये, कथेनुसार पात्रे येत-जात राहणारा गट चांगला, की शेवटपर्यंत तेच सोबती असणारा. माझे मत बदलत्या गटाच्या बाजूचे आहे, मात्र एका अटीवर.

‘फायनल फँटसी’ या अशाच गेमच्या मालिकेतील १९८७ च्या पहिल्या भागात आरंभी निवडलेले चार योद्धे अखेरपर्यंत टिकतात, त्यामुळे डावपेच पक्के होतात, पण ती पात्रे माणसे म्हणून फारशी उभी राहत नाहीत. याउलट १९९१ च्या चौथ्या भागात कथाच पात्रे आणते आणि काढून नेते. आमच्या खानापूरकडच्या भजनी मंडळात पखवाजवादक बदलला की साऱ्यांनाच आपली लय नव्याने जुळवावी लागते, तसेच येथे प्रत्येक जाण्याबरोबर लढाईची रीत बदलावी लागते आणि म्हणूनच ते जाणे मनाला लागते.

अट अशी की, खेळाडूचे श्रम वाया जाऊ नयेत. ज्या पात्रावर तासन्‌तास खर्च केले, ते अचानक नाहीसे झाले तर दुःखापेक्षा चीडच अधिक येते. १९९२ च्या पाचव्या भागाने यावर मला फार आवडलेला उपाय योजला: गटातला गालुफ मरतो तेव्हा त्याने मिळवलेली कौशल्ये त्याची नात क्रुले हिच्याकडे जातात, त्यामुळे वियोग खरा राहतो आणि मेहनतही टिकते. आपण हा प्रकार प्रथमच खेळणार असाल, तर याच भागापासून आरंभ करावा.